बुड राखून खुडायचं: मन्नारच्या आखातातल्या शेवाळ काढणाऱ्या बायका

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, पांबनच्या पुलाजवळच्या चिन्नपालम गावात महिन्याचे दिवस दोन प्रकारचे असतात. पासीला जायचे आणि न जायचे. पासी म्हणजे समुद्रातलं शेवाळ. अमावास्येच्या आगेमागे सहा दिवस आणि पौर्णिमेच्या आगेमागे सहा दिवस बायका पाण्यात उतरतात, एरवी नाही. हे बारा दिवस कुठल्या राजपत्रात छापलेले नाहीत. ते वनखात्याने ठरवले नाहीत, मत्स्यखात्यानेही नाहीत. बायकांनीच ठरवले, आणि तेही अशा काळात की सरकारी कागदांप्रमाणे त्यांचं त्या पाण्यात असणं हाच गुन्हा होता.

हे प्रकरण बहुधा दोनपैकी एका तऱ्हेने सांगितलं जातं. एक, निसर्गाच्या रक्षणकर्त्या शूर बायका. दोन, राष्ट्रीय उद्यानात घुसखोरी करणारे गरीब लोक, ज्यांना पर्यायी रोजगार दिला की प्रश्न सुटेल. मला दोन्ही कथा अर्धवट वाटतात. या बायकांनी केलेले नियम चांगले आहेत, पण ते त्या थोर मनाच्या आहेत म्हणून नव्हे. कुठलं झाड कुठे तुटलं की पुन्हा फुटतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे, म्हणून. आणि ते नियम ठिसूळ आहेत तेही बायका कमी पडल्या म्हणून नव्हे. ज्या जागेसाठी नियम केले त्या जागेवर त्यांचा कागदोपत्री काडीचा हक्क नाही, म्हणून.

जागा

रामेश्वरम ते तुतुकुडी या किनाऱ्यालगत, भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या मन्नारच्या आखातात, उथळ समुद्रात २१ छोटी बेटं माळेसारखी पसरली आहेत. त्यांच्याभोवती प्रवाळाचे खडक, समुद्री गवताची कुरणं आणि शेवाळ. प्रवाळाच्या शंभराहून अधिक जाती, कासवं, आणि समुद्री गवतावर चरणारी डुगाँग म्हणजे समुद्रगाय. १९८६ मध्ये ही बेटं आणि भोवतालचं उथळ पाणी मिळून ५६० चौरस किलोमीटरचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. १९८९ मध्ये त्याला सामावून घेणारं १०,५०० चौरस किलोमीटरचं जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं.

२१ म्हटलं तरी त्यातली दोन बेटं, पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली, आता पाण्याखाली आहेत. चुन्यासाठी आणि कारखान्यांसाठी इथला प्रवाळ अनेक दशकं पहारी लावून फोडला गेला, होड्या भरभरून नेला गेला. लाटांना अडवणारा खडक गेला तशी मागची वाळूही गेली. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली ती २००१ मध्ये. या पाण्याचं सगळ्यात मोठं नुकसान कुणी केलं याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात इथून करावी लागते, बायकांच्या पिशव्यांपासून नव्हे.

चिन्नपालमहून कुरुसडै, शिंगल, पुल्लिवासल ही बेटं जवळ. त्यांच्या भोवतीच्या मेलेल्या प्रवाळावर, दगडांवर पासी उगवते. या पट्ट्यातल्या अनेक गावांतल्या काही हजार बायकांची ही पिढ्यान् पिढ्यांची मजुरी आहे. मजुरी म्हटलं खरं, पण मालक कुणी नाही. माल मात्र शेवटी व्यापाऱ्याच्याच काट्यावर जातो.

पाण्याखाली काय चालतं

पासी एक नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येकीचं घरगुती नाव आहे. जिचा भाव सगळ्यात चांगला ती मरिकोळुंदू. तमिळमध्ये मरिकोळुंदू म्हणजे आपला दवणा. गजऱ्यात माळतात ती सुगंधी पालवी. पाण्यातल्या या शेवाळालाही तशीच बारीक, पिसासारखी डहाळी असते. शास्त्रज्ञ तिला जेलिडिएला म्हणतात. तिच्यातून अगर निघतं. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या काचेच्या थाळ्यांत जो पारदर्शक थर असतो तो अगरचा. दुसरी कंजी पासी, पेजेत घालून शिजवायची. तीही अगरच्याच कामाची. तिसरी कट्टकोरै, तपकिरी, लांब, फुग्याफुग्यांची. तिच्यातून निघणारं अल्जिनेट कापडछपाईपासून आइस्क्रीमपर्यंत लागतं. आणि एक आहे जिला बायका पकोडा पासी म्हणतात, कारण ती दिसतेच तशी.

आता खुडणं. नाव खडकाजवळ नांगरली की बायका डोळ्यांवर काचेचा चष्मा, अंगात साडीवर शर्ट, पायात रबरी चपला आणि कमरेला जाळीची पिशवी अशा बेताने उतरतात. त्याआधी नावेत बसून एक काम होतं. जुन्या कापडाच्या चिंध्या एकेका बोटाला घट्ट गुंडाळायच्या. काही जणी रबरी मोजे घालतात, पण कापडाने पकड चांगली येते. मेलेला प्रवाळ म्हणजे दगडी करवत. चिंध्यांशिवाय पहिल्या तासातच बोटं सोलतात, आणि सोललेल्या बोटांना खारं पाणी काय करतं ते सांगायला नको. पाणी कुठे कमरेइतकं, कुठे छातीइतकं, कुठे पुरुषभराहून जास्त. खोल जागी श्वास रोखून बुडी. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हाताने खुडायचं, वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. असे पाच-पाच, सहा-सहा तास.

खुडणं आणि उपटणं यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. परसातला माठ खुडला तर आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा फुटतो. उपटला तर वाफा रिकामा. मरिकोळुंदूला झाडासारखं मूळ नसतं, पण दगडावर आडवी सरपटणारी, घट्ट चिकटलेली बारीक दोऱ्यांची बैठक असते. ती तिचं बुड. डहाळी वरून तुटली तर बुडातून नवी फुटते, सावकाश का होईना. बुडच गेलं तर त्या दगडावर पुन्हा मरिकोळुंदू येण्याची वाट किती पाहायची याचा नेम नाही, कारण ही मुळात हळू वाढणारी जात. लोखंडी खरवडणीने बुड तर जातंच, वर दगडाचा पोपडाही निघतो, आणि तो पोपडा म्हणजे कुणाकुणाचं घर असतं. खेकड्याची पिल्लं, बारके शिंपले, कोवळा प्रवाळ.

खरवडणीने पिशवी लवकर भरते, हेही तितकंच खरं. त्यामुळे 'खरवडणी वापरायची नाही' हा नियम ऐकायला सोपा असला, तरी रोज संध्याकाळी काट्यावर त्याची किंमत मोजावी लागते.

१९८६ची रेघ

उद्यान १९८६ मध्ये जाहीर झालं, तरी पहिली दहा-पंधरा वर्षं बायकांना त्याचा फारसा पत्ता नव्हता. पूर्वी बेटांवर मुक्काम पडायचा, चुली पेटायच्या, पासी तिथेच वाळवली जायची. साधारण २००० नंतर अंमलबजावणी कडक झाली. त्याच काळात जीवावरण क्षेत्रासाठी विश्वस्त मंडळ स्थापन झालं, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीने मोठा प्रकल्प सुरू झाला, गावोगावी समित्या आणि बचत गट झाले. आणि समुद्रात गस्त सुरू झाली. नावा अडवणं, दंड, पिशव्या जप्त. बेटावर पाय ठेवायची सोय उरली नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर गस्तीवाल्याचं चुकत नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'वन्यजीव' या शब्दाच्या व्याख्येतच अधिवासाचा भाग असलेली पाण्यातली वनस्पतीही येते. म्हणजे मरिकोळुंदूची डहाळी कायद्याने वाघाच्याच पंगतीत. राष्ट्रीय उद्यानातून ती खुडून नेणं कलम ३५खाली सरळ मना.

पण त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर आधी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्यासाठी पुरेशी पावलं उचलली पाहिजेत, असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य आलं १९९१च्या दुरुस्तीत. मन्नारचं उद्यान त्याच्या पाच वर्षं आधीचं. रेघ आधी मारली गेली, रेघेच्या आत कोण कोण आहे हे विचारायचं बंधन नंतर आलं. आणि विचारलं असतं तरी बायका मोजल्या गेल्या असत्या का याची मला शंका आहे. 'मच्छीमार' म्हटलं की सरकारी डोळ्यांपुढे नाव, जाळं आणि पुरुष उभा राहतो. चष्मा लावून शेवाळ खुडणारी बाई ना नावेची मालकीण, ना जाळ्याची, ना मासे धरणारी. ती बसते कुठल्या रकान्यात?

बारा दिवस कसे आले

गस्तीशी रोजची पकडापकडी सुरू झाल्यावर बायकांपुढे तीन रस्ते होते. काम सोडायचं, चोरून करायचं, किंवा आपण काय करतो आणि कसं करतो ते मांडायचं. काम सोडणं जमण्यासारखं नव्हतं. चोरून करणं काही काळ झालं, आणि त्याचा परिणाम उलटा झाला. घाईत काम करणारा माणूस खुडत नाही, ओरबाडतो. माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट आहे. बंदीमुळे माणसं हटली नाहीत, तर खडकावरचा त्यांचा वेळ कमी झाला, आणि वेळ कमी झाला की हात वाईट होतो.

मग गावागावांतल्या बायका एकत्र यायला लागल्या. मच्छीमार कामगारांच्या संघटना आणि लहान मच्छीमारांसाठी काम करणारे गट मदतीला होते, पण नियम ठरले ते बायकांच्या बैठकांत. महिन्यातून बाराच दिवस. खरवडणी नाही, हातानेच. एप्रिल-मेच्या मासेमारी बंदीच्या ४५ दिवसांत पासीही बंद.

या तिन्हींकडे जरा निरखून पाहण्यासारखं आहे.

बारा दिवस उधाणाचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, खडक त्या मानाने वर येतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, मात्र एक फरक आहे: मन्नारमध्ये भरती-ओहोटीतलं अंतर कोकणच्या मानाने फारच कमी. तरी श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बाईला वीतभर पाण्याचाही हिशेब असतो. भांगेच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, तेच काम जास्त कष्टाचं आणि कमी फळाचं. म्हणून नियमाने नेमके तेच दिवस सोडले. श्रम वाचतात आणि खडकाला दर पंधरवड्यात आठ-नऊ दिवसांची उसंत मिळते. कुणी याला 'स्वार्थ' म्हणेल. म्हणू दे. जो नियम पाळणाऱ्याच्याही सोयीचा असतो तोच पाळला जातो, हे गावकीत वावरलेल्या कुणालाही माहीत आहे.

खरवडणीबंदीची देखरेख सोपी आहे, आणि तीच तिची खुबी. नावेचं भाडं परवडावं म्हणून बायका एकत्र जातात. सगळ्यांच्या देखत लोखंड काढणं अवघड. शिवाय मालच बोलतो: खुडलेल्या मरिकोळुंदूत दगडाचे कण कमी, खरवडलेल्यात जास्त, आणि माती-वाळूच्या नावाखाली व्यापारी वजन कापतो ते वेगळंच.

तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्व किनाऱ्यावरची उन्हाळी मासेमारी बंदी ही यंत्रचलित नौकांसाठी आहे. १५ एप्रिलपासून आधी ४५ दिवस होती, तमिळनाडूत २०१७पासून ६१ झाली. ती शेवाळ खुडणाऱ्या बाईला लागूच नाही. ज्या बंदीत त्यांचं नाव नव्हतं ती त्यांनी आपणहून अंगावर घेतली. महिन्याला १२ दिवस, त्यातून दीड महिना वजा. वर्षाकाठी कामाचे दिवस उरतात सव्वाशेच्या आसपास, आणि त्यातूनही समुद्र खवळलेले दिवस गेले. बाकीचे अडीचशे दिवस घर कशावर चालतं? मासे सुकवणं, विकणं, मोलमजुरी, कर्ज. नियमांचं कौतुक करताना ही बाजू गिळली जाते.

परदेशी पासी

बायकांना हटवताना त्यांना दिलेला पर्याय होता शेवाळशेतीचा. कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ, मूळ आग्नेय आशियातलं. १९९०च्या दशकात मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्रात त्याच्या लागवडीचे प्रयोग झाले आणि २००० नंतर व्यापारी लागवड सुरू झाली. बांबूचे साधारण बारा फूट बाय बारा फुटांचे तराफे, त्यांना दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. ४५ दिवसांत काढणी. यातून निघणारं कॅराजीनन खाद्यपदार्थांना घट्टपणा आणायला लागतं. बचत गटांतल्या बायका तराफ्यांकडे वळल्या, अनेकींच्या हातात पहिल्यांदा ठरावीक पैसा आला. हे नाकारण्याचं कारण नाही.

२००८ मध्ये मात्र शास्त्रज्ञांनी नोंदवलं की हे शेवाळ कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळावर चढलं आहे, त्याला झाकून टाकत आहे. प्रवाळाला प्रकाश लागतो. वर जाड गादी पसरली की तो खाली गुदमरतो. पुढे वनखात्याला ते हाताने उपटून काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. आणि उपटतानाही अडचण तीच, एखादा तुकडा राहिला तरी त्यातून पुन्हा वाढतं. २०१३च्या सुमारास तर पाण्याच्या वाढत्या उष्णतेत तराफ्यांवरची लागवड मोठ्या प्रमाणावर मेली आणि उत्पादन कोसळलं.

इथे क्षणभर थांबून दोन चित्रं शेजारी ठेवावीत. कुरुसडैच्या खडकावर पिढ्यान् पिढ्या हाताने खुडली जाणारी स्थानिक पासी: बेकायदा. त्याच खडकापासून जवळच्या पाण्यात मान्यतेने आलेली परदेशी पासी: पर्यायी उपजीविका. मी शेतीच्या विरोधात नाही. पण अधिवासाला धोका कुणापासून हे ठरवताना हातात पिशवी असलेली बाई पटकन दिसली आणि तराफ्यावरून सुटलेला तुकडा दिसला नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

पारितोषिक, आणि ओळखपत्र

२०१५ मध्ये चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना सीकॉलॉजी पारितोषिक मिळालं. बेटांवरच्या निसर्गासाठी आणि तिथल्या लोकांसाठी काम करणाऱ्याला दिलं जाणारं हे अमेरिकेतल्या संस्थेचं पारितोषिक, रक्कम १०,००० डॉलर. लहानपणापासून पासी खुडणारी बाई ते घ्यायला कॅलिफोर्नियाला गेली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, फोटो आले.

बायकांच्या मागण्यांच्या यादीत पारितोषिक कधीच नव्हतं. होतं ते ओळखपत्र. शेवाळ खुडणारी ही मच्छीमार कामगार आहे असं लिहिलेला सरकारी कागद. तो का महत्त्वाचा हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. कागद असेल तर मच्छीमार कल्याणाच्या योजना, बंदीच्या काळातली मदत, समुद्रात अपघात झाला तर भरपाई, हे सगळं मागता येतं. मागितलं की मिळतंच असं नाही, पण निदान खिडकीपर्यंत जाता येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गस्तीच्या बोटीवरचा माणूस 'तू कोण?' विचारतो तेव्हा त्याला उत्तर असतं. लहान मच्छीमारांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यांत पाण्यात न उतरता मासे सुकवणारे, विकणारेही मच्छीमार धरले आहेत आणि बायकांच्या कामाला वेगळी जागा दिली आहे. त्या तत्त्वांप्रमाणे चिन्नपालमच्या बाईबद्दल वाद व्हायचं कारणच नाही. पण तत्त्वं ऐच्छिक आहेत. कल्याणाच्या योजना आणि दंडाच्या पावत्या निघतात त्या राज्याच्या नियमांवरून.

कच्चे दुवे

आता नियमांची दुसरी बाजू. त्या खडकांवर मरिकोळुंदू पूर्वीइतकी आहे का, यावर बायकांचं म्हणणं साधारण सारखंच असतं: आधी जवळ मिळायची, आता लांब जावं लागतं. याचं सगळं खापर बायकांवर फोडणं चूक, आणि त्यांच्यावर काहीच नाही म्हणणंही चूक. शेकडो पावलं दर उधाणाला त्याच उथळ खडकावर पडतात तेव्हा चपलेखाली कोवळा प्रवाळ तुटतो. हात कितीही जपून चालला तरी पाय जपून चालेलच असं नाही. २०१० आणि २०१६च्या उन्हाळ्यांत पाणी तापून इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला, काही मेला. त्यावर कुठल्याही गावाच्या बैठकीचा इलाज चालत नाही. यंत्रचलित नौकांनी किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासेमारी करायची नाही असा राज्याचा कायदा आहे, तरी ट्रॉलर आत येतात आणि समुद्री गवताची कुरणं खरवडून जातात. बाईची खरवडणी हातभर, ट्रॉलरचं जाळं एकराने मोजावं असं.

पण सगळ्यात कच्चा दुवा नियमाच्या आतच आहे. समजा उद्या दुसऱ्या गावातून, दुसऱ्या तालुक्यातून लोक आले, पुरुष असोत की बायका, आणि भांगेच्या दिवसांत लोखंड घेऊन खडकाला लागले. चिन्नपालमच्या बायका काय करणार? हटकतील, भांडतील. ते लोक विचारतील, हा खडक तुमच्या नावावर आहे का? नाही. तुम्हीही चोर, आम्हीही चोर. सामूहिक नियम टिकायला नियम करणाऱ्याला बाहेरच्याला अडवायचा अधिकार लागतो. गावतळ्यात तो असतो, देवराईत असतो, विदर्भातल्या सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना बांबूच्या जंगलात तो कागदावर मिळाला आहे. वनहक्क कायदा, २००६ मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पादनांवरच्या सामूहिक हक्काचा उल्लेख आहे, आणि वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानंही येतात. तो कायदा खाऱ्या पाण्यातल्या खडकापर्यंत कसा न्यायचा हा वकिलांचा प्रश्न आहे. मात्र बारा दिवसांचा नियम उद्यानाच्या व्यवस्थापन आराखड्यात एका परिच्छेदाने लिहून घ्यायला वकील लागत नाही. कुठली गावं, कुठले खडक, कुठले दिवस, कुठलं हत्यार नाही, आणि मोडलं तर कुणी कुणाला कळवायचं. गस्तीच्या बोटीला शेकडो जादा डोळे फुकट मिळतील. सध्या तेच डोळे बोट दिसली की दुसरीकडे वळतात.

काही अधिकाऱ्यांनी वेळोवेळी बायकांचे नियम मान्य असल्यासारखं वागून डोळेझाक केली. ही तडजोड चालते, अधिकारी बदलेपर्यंत. नवा साहेब आला की बारा दिवस, हाताने खुडणं, दीड महिन्याची बंदी, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचं. आणि एखाद्या वर्षी त्याने ऐकून घेतलं नाही, तर त्या वर्षी नियम पाळणारीला आणि न पाळणारीला दंड सारखाच.

बियाणं

अलीकडे वारा पुन्हा शेतीकडे वाहतो आहे. केंद्राच्या मत्स्य योजनेत शेवाळासाठी वेगळा निधी ठेवला गेला, रामनाथपुरम जिल्ह्यात शेवाळ उद्यानाचं काम हाती घेतलं गेलं. मन्नारच्या उत्तरेला लागून असलेल्या पाल्कच्या उपसागरात २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, म्हणजे या भागातल्या पाण्यावर आणखी एक रेघ आली. परदेशी जातीचा अनुभव घेतल्यावर आता स्थानिक जाती लावाव्यात असंही बोललं जातं: कंजी पासी दोऱ्यांवर, मरिकोळुंदू सिमेंटच्या ठोकळ्यांवर.

या दोन्ही तुकडे लावूनच वाढवतात. सुरुवातीचे तुकडे कुठल्या तरी जिवंत खडकावरून आणावे लागतात, आणि काही हंगामांनी लागवड क्षीण झाली की पुन्हा नवे. कुठल्या खडकावर ती अजून दाट आहे, कुठे गेल्या उन्हाळ्यात पांढरी पडली, कुठली डहाळी तुकडा करण्याइतकी जून झाली, हे नकाशात नाही. ते चिंध्या गुंडाळलेल्या त्या बोटांना माहीत आहे. प्रकल्पासाठी त्यांना नावेत घालून त्या खडकांवर न्यावं लागेल तेव्हा आधी कुणाला तरी एक परवाना लिहावा लागेल, आणि त्यावर 'व्यवसाय' असा रकाना असेल.